साठ दिवसांचे कान

काशीतल्या दूधविनायकाच्या गल्लीत बिंदुमाधव आठल्ये दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. कुठलंही बिघडलेलं विजेचं यंत्र तो दुरुस्त करतो, ही पहिली. आणि दुरुस्त झालं तरी ते लवकर परत देत नाही, ही दुसरी; कारण यंत्रासोबत आलेलं माहितीपत्रक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून झाल्याशिवाय त्याच्या जिवाला स्वस्थता नसते. मिक्सरचं असो, इन्व्हर्टरचं असो, तो सगळं वाचतो. जपानी भाषेतलं पान आलं तर तेवढं मात्र नाइलाजानं उलटतो, तेही जरा वाईट वाटून.

नुसतं वाचून सोडून दिलं असतं तर शरदिनीची, म्हणजे त्याच्या बायकोची, काही तक्रार नव्हती. पण हा गृहस्थ वाचलेलं पाळतो. एकदा दोघं रामनगरला एका बारशाला निघाली होती. नावेवर पाटी होती, आठपेक्षा जास्त सवारी बसवू नये. बिंदुमाधवनं माणसं मोजली, ती नऊ भरली, आणि सगळ्यांत शेवटी आपणच चढलो म्हणून हा खाली उतरला. "अरे भैया, बैठिए ना, सब चलता है," असं नावाडी परोपरीनं सांगत होता. शेवटी शरदिनी नावेनं गेली, हा ऑटो करून पुलावरून गेला आणि बाळाचं नाव ठेवून, पेढे वाटून झाल्यावर पोहोचला.

शरदिनीचा फोनही एकदा असाच तीन आठवडे अडकून पडला होता. त्यावर 'मी सहमत आहे' असं बटण आलं आणि तिनं चुकून नवऱ्याला विचारलं, "हे दाबू का हो?"

"थांब, वाचतो," तो म्हणाला.

"सगळी दुनिया न वाचता दाबते!"

"दुनियेनं दाबलं म्हणून आपण हो म्हटलं, असं होत नाही ना."

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि गल्ली हसतेही. पण ही खोड त्याला घरातूनच लागली. ज्या घरात रोज कोणी ना कोणी हातावर पाणी घेऊन, स्थळ-काळ आणि स्वतःचं नाव-गोत्र उच्चारून संकल्प सोडतं, त्या घरातल्या मुलाला 'हो' म्हणणं ही फार मोठी गोष्ट वाटते. बटण दाबणं म्हणजे त्याच्या लेखी हातावरचं पाणी सोडणंच.

त्याचे वडील विश्वेश्वरशास्त्री, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, रामघाटावरच्या वेदपाठशाळेत घनपाठी, म्हणजे ऋचेतले शब्द उलटसुलट गुंफून पाठ म्हणणारे, आहेत. संथा देण्यात त्यांची हयात गेली. संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं, शिष्यानं दोनदा म्हणायचं, आणि स्वर केसभर जरी हलला तरी पुन्हा पहिल्यापासून. बिंदुमाधवही चौदाव्या वर्षापर्यंत अण्णांपुढे मांडी घालून बसला. मग त्याला रेडिओ उघडून बघायचा नाद लागला आणि एक दिवस त्यानं धीर करून सांगितलं, मला इंटर कॉलेजात जायचं आहे. अण्णा "बरं" म्हणाले. रागावले नाहीत, फी भरली, पुढे डिप्लोमाही करू दिला. फक्त त्या दिवसानंतर त्यांनी त्याला पुन्हा म्हणायला बसवलं नाही. याला बत्तीस वर्षं झाली. त्यापेक्षा दोन थपडा मारल्या असत्या तर परवडलं असतं, असं बिंदुमाधवला अजून वाटतं.

तर, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी अण्णांचे कान गेले.

एकदम नाही गेले. आधी चहा घेता का हे ऐकू येईना, तेव्हा शरदिनीला वाटलं की ऐकू न येण्याचा बहाणा आहे, कारण साखर कमी केली होती. मग एका सकाळी यज्ञेश, अण्णांचा शेवटचा शिष्य, एक स्वर सरळ चुकला आणि अण्णा मान डोलावत राहिले. यज्ञेश स्वतःच थांबला. त्याचा चेहरा पाहून अण्णांना काय झालं ते कळलं. यज्ञेशची घनाची परीक्षा मार्गशीर्ष शुद्ध पंचमीला होती, आणि त्या सभेची रीत अशी की शिष्य म्हणत असताना गुरू समोर बसतो आणि चूक झाली की परीक्षकांच्या आधी गुरूनं बोट वर करायचं. गुरूच्या कानावरून सुटलेली चूक शिष्याची धरत नाहीत, गुरूची धरतात.

"ज्याला ऐकू येत नाही त्यानं शिकवू नये," अण्णा म्हणाले. "पंचमीपर्यंत कान आले तर आले. नाही तर यज्ञेशला दुसऱ्या गुरूकडे सोपवतो आणि गादीवरून उठतो."

कानाचं यंत्र दुकानातून आणलं होतं, चांगलं भारीतलं. पण ती यंत्रं माणसांच्या गप्पांसाठी बनवलेली. कोणी एक स्वर लांबवला की यंत्राला वाटायचं ही शिट्टी वाजते आहे, आणि ते तो स्वर दाबून टाकायचं. साठ वर्षं ज्यांनी स्वर सांभाळला त्यांच्याच कानात हे चाललेलं. अण्णांनी ते यंत्र काढून देवघराच्या कोनाड्यात ठेवलं, ते तिथेच आहे.

म्हणून बिंदुमाधवनं स्वतः यंत्र बनवायला घेतलं. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी, तिच्यात मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एक छोटी चिप, आणि डबीतून कानापर्यंत वायर. आवाज वाढवायचा पण स्वराला हात लावायचा नाही, एवढंच काम. त्याचा प्रोग्राम त्यानं लिहिला. आता माणसानं लिहिलेलं चिपला कळत नाही, मधे एक दुभाषा लागतो. त्याला कंपायलर म्हणतात आणि तो चिप बनवणारी कंपनीच देते. या कंपनीचा दुभाषा फुकट मिळत होता, पण फुकटचा म्हणून मुद्दाम आळशी ठेवलेला. एका वाक्याचं काम पाच वाक्यांत करायचा, त्यात चिपची दमछाक व्हायची आणि आवाज तुटक तुटक यायचा. बोलणं कळे, स्वर कळत नसे. त्याच दुभाष्याला चपळ करायचं तर कंपनीचा परवाना हवा. मात्र साठ दिवस तो चपळपणा वापरून बघायची सोय होती.

बिंदुमाधवनं ऋषिपंचमीला, सगळा करारनामा वाचून, बटण दाबलं. दहा दिवसांत यंत्र तयार झालं. अण्णांनी ते कानाला लावलं, यज्ञेशनं सुरुवात केली, आणि तिसऱ्याच ओळीला अण्णांचं बोट वर गेलं. यज्ञेशला चूक निघाल्याचा इतका आनंद झालेला पाठशाळेत कोणी पाहिला नव्हता. शरदिनीनं त्या दिवशी चहात पूर्ण साखर घातली.

दिवाळी झाली, पांडवपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बिंदुमाधव अण्णांपुढे येऊन उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "अण्णा, आज साठ दिवस पूर्ण झाले. डबी द्यावी लागेल."

शरदिनीच्या हातातलं भांडं हातातच राहिलं. "मतलब? काढून घेणार?"

"चपळ कंपायलरनं मुदतीत जे बनवलं ते केवळ चाचणीसाठी, असं लिहिलंय. प्रत्यक्ष वापरासाठी नाही. मी हो म्हटलंय."

"अहो, कंपनी कुठे, आपण कुठे! कोण बघायला येतंय इथे गल्लीत? गायीला वाट मिळत नाही, कंपनीला मिळणारे? मुदत संपली म्हणून बापाचे कान उतरवून घेणारा माणूस मी बिल्कुल पहिल्यांदा पाहते आहे!"

अण्णांनी विचारलं, "अट आधी सांगितली होती त्यांनी?"

"हो."

"तू मान्य केली होतीस?"

"हो."

"मग घे," असं म्हणून अण्णांनी डबी काढून त्याच्या हातावर ठेवली. शरदिनीनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि आपण कोणत्या घरात पडलो हे तिला बावीस वर्षांनी पुन्हा एकदा कळलं. परीक्षेला जेमतेम एक महिना उरला होता.

त्या दिवशी बिंदुमाधव जेवला नाही. आपण बरोबर केलं याची त्याला खात्री होती आणि आपल्यासारखा करंटा मुलगा नाही याचीही. दुपारी त्यानं आळशी दुभाष्याकडून प्रोग्राम पुन्हा करून घेतला, ती तुटक आवाजाची डबी अण्णांना निदान बोलणं कळावं म्हणून दिली, आणि स्वतः करारनामा पुन्हा काढून बसला. पहिल्या वेळी त्यानं तो वाचला होता; पण त्याच्या शेवटी जोडलेली दुसऱ्या लोकांची लायसन्सं होती, ती वाचायची म्हणून बाजूला ठेवली होती. आयुष्यात एकदाच त्यानं असा आळस केला आणि नेमका तोच नडला.

त्यातून निघालं ते असं. तो दुभाषा मुळात कंपनीनं बनवलेलाच नव्हता. जगभरच्या शेकडो माणसांनी मिळून तो लिहिला होता आणि सगळ्यांना खुला करून ठेवला होता, एका अटीवर: घ्या, वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, पण देताना मूळ लिखाण, ज्याला सोर्स म्हणतात, तेही द्या, आणि घेणाऱ्यावर तुमच्या पदरची नवी बंधनं घालू नका. कंपनीनं तो घेतला, आपल्या चिपची भाषा त्याला शिकवली, वर कुलूप लावलं. आणि अटीप्रमाणे सगळ्याचा सोर्स आपल्या वेबसाइटच्या अशा कोपऱ्यात ठेवला, जिथे बिंदुमाधवशिवाय दुसरं कोणी जाणं कठीण.

पण त्याच कंपनीच्या करारात हेही होतं की कुलपाशी छेडछाड करू नये. आता खरं कोणाचं मानायचं? त्यानं कंपनीला पत्र लिहिलं, अकरा मुद्द्यांचं. उत्तर आलं, आमच्या उत्पादनात रस दाखवल्याबद्दल आभारी आहोत, कृपया जवळच्या विक्री प्रतिनिधीला भेटा. जवळचा प्रतिनिधी नोएडात होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, "सर, ये तो आज तक किसी ने पूछा ही नहीं."

"काय वाचतोयस रोज?" एका संध्याकाळी अण्णांनी विचारलं.

"लायसन्स."

"मोठ्यानं वाच. मलाही काही काम नाही."

मग रोज संध्याकाळी हे सुरू झालं. बिंदुमाधव इंग्रजी वाक्य वाचायचा, त्याचं मराठी करून सांगायचा, आणि अण्णा तुटक आवाजाची डबी कानाला लावून डोळे मिटून ऐकायचे. दोन दिवसांत त्यांनी शिस्त लावली. "थांब. ते मागचं परत." "इथे 'आणि' आहे की 'किंवा'? नीट बघ." "हा शब्द परवा वेगळ्या अर्थानं आला होता." सगळं आयुष्य पाठांतरात गेलेल्या माणसापुढे लायसन्स वाचणं म्हणजे काय हे बिंदुमाधवला तेव्हा समजलं. कंपनीच्या वकिलांना ते कधी समजणार नाही, हे त्यांचं नशीब. शरदिनी भाजी निवडत म्हणायची, "आता याचीही घनात आवर्तनं करा, म्हणजे सुटलं." घाटावर देवदिवाळीचे दिवे लागले, सगळी काशी लोटली, आणि बापलेक घरात 'व्युत्पन्न कृती', म्हणजे मुळावरून केलेली नवी रचना, या शब्दावर अडून बसले होते.

नवव्या की दहाव्या दिवशी अण्णांनी डोळे उघडले. "माझ्या गुरूंनी मला दिलं ते काही माझं नाही. ते यज्ञेशला देताना, पुढे कोणाला शिकवशील तर खबरदार, अशी अट मला घालता येईल का?"

"नाही."

"मग त्या कंपनीला कशी येईल? मूळ देणाऱ्यानं जे मोकळं ठेवलं ते मधल्याला बांधता येत नाही, हे तुझ्याच ग्रंथात सहाव्या कलमात आहे. त्यांचं कुलूप तू फोडू नकोस. त्यांनी तयार करून दिलेला दुभाषा तसाच राहू दे. मूळ लिखाण घे आणि तुझा दुभाषा तू घडव, कुलपाशिवाय."

"पण त्याबरोबर गणिताची एक लायब्ररी आहे, अण्णा, म्हणजे तयार हिशेबांचा संच. ती कंपनीची स्वतःची. तिचा सोर्स नाही, ती कोणाला दाखवता, देता येत नाही."

"ती त्यांनी स्वतः रचलीय?"

"हो."

"मग तिला हात लावायचा नाही. ते गणित तू लिही."

बिंदुमाधवनं पुढचे सोळा दिवस तेच केलं. कंपायलर घडवायला जुना लॅपटॉप रात्रंदिवस घरघरत होता आणि दर वेळी काहीतरी राहिलं म्हणून पहिल्यापासून, संथा चुकल्यासारखं. गणितही त्यानं स्वतः लिहिलं; ते कंपनीच्या गणिताइतकं देखणं नव्हतं, पण चालत होतं. परीक्षेच्या दोन दिवस आधी त्यानं नवी डबी अण्णांच्या हातात ठेवली. यज्ञेशला बोलावलं. अण्णांनी पाच मिनिटं ऐकलं आणि बोट वर केलं. शरदिनी आत जाऊन पदराला डोळे पुसून आली आणि कांदा चिरत होते म्हणाली.

पंचमीला रामघाटावर सभा भरली. परीक्षक बसले, यज्ञेश बसला, समोर अण्णा बसले, आणि सभेचे कार्यवाह दिनानाथपंत उभे राहिले. "शास्त्रीबुवा, माफ करा, पण कानात मशीन घालून गुरूनं बसायचं हे आजवर झालं नाही. आत काय भरलंय कोणाला ठाऊक? शुद्ध पाठ आतच भरून ठेवला असेल आणि तोच ऐकून बोट वर होत असेल, तर?"

सभा कुजबुजली. शंका दुष्टपणाची नव्हती, रीतसर होती, आणि म्हणूनच जड होती. अण्णांचा चेहरा उतरला.

बिंदुमाधव मागून पुढे आला. त्याच्या पिशवीत छापील कागदांचा दोरीनं बांधलेला गठ्ठा होता. का आणला होता विचाराल तर, सोबत सगळे कागद असल्याशिवाय तो घराबाहेर पडत नाही, एवढंच. "दिनानाथकाका, डबीत जे आहे ते सगळं यात आहे. एक अक्षर झाकलेलं नाही. ज्या कंपायलरनं केलं त्याचाही सोर्स या पेनड्राइव्हवर आहे. विद्यापीठात कोणालाही दाखवा, हवं तर पुन्हा बनवून बघा. कंपनीचं गणित घेतलं असतं तर मला आज हे दाखवता आलं नसतं."

दिनानाथपंतांनी गठ्ठा हातात घेतला. चार पानं चाळली, उलटा धरलाय हे यज्ञेशनं दाखवल्यावर सरळ केला. "हे कोण वाचणार?"

"वाचा असं नाही. वाचता येईल, एवढंच."

"आधी कानाला लावून तर बघ, दिनानाथ," अण्णा म्हणाले आणि डबी पुढे केली.

दिनानाथपंतांनी वायर कानात घातली. यज्ञेशनं एक ऋचा म्हटली, ती संपली, तरी पंत डबी काढीनात. मग त्यांनी हळूच वर पाहिलं. "ती कबुतरं... रोज असतात का?"

"रोज असतात," कोणीतरी म्हणालं. दोन वर्षं हा माणूस सभेत प्रत्येक ठरावाला मान का डोलावत होता, ते तेव्हा सगळ्यांना कळलं. पण कोणी हसलं नाही. पंतांनी डबी परत केली, ती मोठ्या जड हातानं, आणि खाली बसता बसता बिंदुमाधवच्या कानाशी म्हणाले, "मला एक करून देशील ना?" बिंदुमाधवनं त्यांना अटी समजावून सांगायला सुरुवात केली तेव्हा शरदिनीनं त्याचा सदरा धरून मागे ओढलं.

परीक्षा तीन तास चालली. दोनदा चूक झाली आणि दोन्ही वेळा अण्णांचं बोट आधी वर गेलं. दुसऱ्या वेळी तर परीक्षकांना ती चूक पुन्हा म्हणवून घेतल्यावर सापडली. यज्ञेश उत्तीर्ण झाला, आणि गादीचा विषय पुन्हा निघाला नाही.

चार दिवसांनी कंपनीचं दुसरं पत्र आलं. अकरा मुद्दे अखेर कोणीतरी वाचले होते. मुदतीत स्वतःच्या घरासाठी बनवलेलं एखादं यंत्र पुढेही वापरायला आमची कधीच हरकत नव्हती, ते कलम विक्रीच्या मालाबद्दल आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. डबी काढून घेण्याचं काही कारणच नव्हतं.

शरदिनी इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. "म्हणजे महिनाभर हा सगळा उपद्व्याप फुकट! अण्णांचे कान काढले, डोकं उठवलं, देवदिवाळी गेली..."

बिंदुमाधव पत्र हातात घेऊन ओशाळून बसला होता. अण्णा पाटावर बसले होते, डबी कानाला होती.

"फुकट नाही," ते म्हणाले. "त्या निमित्तानं हा रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून वाचत होता." मग म्हणाले, "बिंदू, तुझी संथा कुठे राहिली होती?"

"अण्णा, बत्तीस वर्षं झाली."

"वर्षं नाही विचारली मी."

त्यानं ठिकाण सांगितलं. त्याला ते पक्कं आठवत होतं, कारण तिथेच तो नेहमी अडखळायचा.

"मग म्हण."

बिंदुमाधवनं पत्र बाजूला ठेवलं, मांडी घातली आणि म्हणायला लागला. आवाज जाडा झाला होता आणि श्वास पुरत नव्हता. तिसऱ्या ओळीत, त्याच जुन्या जागी, तो चुकला, आणि अण्णांचं बोट वर गेलं.

"चूक. पुन्हा."

सेहेचाळीस वर्षांच्या बिंदुमाधवच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यानं ते पुसलं नाही. त्यानं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं.